चार सेकंदांचं पालकत्व

शिरीष नेरकरांना निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, तरी गॅसचं बटण बंद आहे की नाही हे ते तीनदा बघत. एकदा डोळ्यांनी, एकदा हाताने, आणि तिसऱ्यांदा त्यांची बायको मेधा आतून "बंद आहे हो!" असं ओरडेपर्यंत. जन्मभर ज्याने यंत्रांना थांबायला शिकवलं, त्याला स्वतःला थांबणं जमत नव्हतं. नाशिकच्या अंबड वसाहतीत त्यांनी तेविसाव्या वर्षी यंत्र चालवणारं पहिलं पॅनल हातात घेतलं. त्यानंतर साखर कारखाना, डेअरी, औषधांची कंपनी, सिमेंटची भट्टी असं करत करत शेवटची पंधरा वर्षं त्यांनी संरक्षण खात्यासाठी प्रोग्रॅम लिहिले. घरात याचं कौतुक एवढंच, की मिक्सर बिघडला तर तो बाहेर दुरुस्तीला द्यायला ते हरकत घ्यायचे आणि स्वतः मात्र दुरुस्त करायचे नाहीत.

२०४१ साली गणपती उठल्यावर आठवड्याभरात त्यांना चौकसचं पत्र आलं.

चौकस म्हणजे माणूस नव्हे, विचार करणारा एक प्रोग्रॅम. त्याचं सरकारी नाव लांबलचक होतं आणि ते कुणीच घेत नसे. गेल्या पन्नास वर्षांत देशात जेवढी म्हणून यंत्रं संगणकावर चालवली गेली, त्यांच्या आज्ञा कुणी ना कुणी लिहिल्या होत्या. लिहिणारे निवृत्त झाले, काही गेले, त्यांच्या भाषा जुन्या झाल्या. उरलेल्यांची त्या आज्ञांना हात लावायची छाती होत नसे. चालतंय ना, मग हात लावू नका, हा या धंद्यातला पहिला मंत्र. चौकस तो मंत्र मानत नव्हता. तो प्रत्येक ओळ वाचायचा आणि विचारायचा, ही कशासाठी? मग तो जुने करार, चाचण्यांचे अहवाल, बैठकांची टिपणं, यंत्रांच्या सेकंदासेकंदाच्या नोंदी असं सगळं चाळून त्या ओळीची गरज शोधायचा, ती ओळ ती गरज भागवते हे गणिताने सिद्ध करायचा आणि मग ती नव्याने लिहायचा.

जिची गरजच सापडत नाही अशी ओळ म्हणजे अनाथ ओळ. लिहिणारा हयात असेल तर त्याला पत्र जायचं. एकवीस दिवसांत त्याने कारण द्यायचं, म्हणजे पालकत्व घ्यायचं, नाहीतर ओळ काढून टाकली जायची. अशा लाखो ओळी चौकसने काढल्या होत्या, आणि चिडायची गोष्ट ही की त्यामुळे वीजकेंद्रं आणि रेल्वेचे सिग्नल पहिल्यापेक्षा चांगले चालत होते.

नेरकरांना आलेल्या पत्रात एकच ओळ होती. 'वेस' प्रणाली, प्रक्षेपणाच्या निर्णयानंतर चार सेकंद प्रतीक्षा. कारण कळवावे.

त्यांनी पत्र घडी घालून चष्म्याच्या घरात ठेवलं. मेधाने विचारलं, "कुणाचं?"

"कामाचं."

"तुम्हाला आता कुठलं काम?" ती म्हणाली, आणि ते गॅसचं बटण बघायला उठले.

*

'वेस'चं केंद्र नाशिक शहराबाहेर, दिंडोरी रस्त्याला होतं. दारात ऋजुता वाघ उभी होती. ती आता 'वेस'ची प्रमुख होती, पण दहा वर्षांपूर्वी नेरकरांच्या हाताखाली शिकाऊ म्हणून आली तेव्हा त्यांनी तिला पहिले तीन महिने नुसत्या वायरींना नंबर लावायला बसवलं होतं. ते ती विसरली नव्हती, आणि आता स्वतःच्या शिकाऊंनाही तेच करायला लावत होती.

"सर, पाच मिनिटांचं काम आहे," ती म्हणाली. "तुम्ही कारण सांगा, चौकस लिहून घेईल, मग आपण कँटीनमध्ये भजी खाऊ."

'वेस' म्हणजे एका बंदराची राखण होती. समुद्रावरून स्फोटकं घेऊन येणारे ड्रोन ओळखायचे आणि लाँचरमधून क्षेपणास्त्र सोडून हवेतच पाडायचे. माणसाला हे जमण्यासारखं नव्हतं, कारण एका वेळी चाळीस-चाळीस यायचे. म्हणून ओळखायचं काम यंत्राचं आणि पाडायचा निर्णयही यंत्राचाच. पण निर्णय झाला की घंटा वाजायची आणि यंत्र चार सेकंद थांबायचं. बंदरावरच्या केबिनमध्ये दोन माणसं असत, एक पडद्यासमोर आणि एक लाल बटणापाशी. त्या चार सेकंदांत ती यंत्राला रोखू शकत. बारा वर्षांत हे एकदाच घडलं होतं, एका बेटावर रक्ताच्या पिशव्या नेणारा ड्रोन रस्ता चुकला तेव्हा.

"नमस्कार नेरकरसाहेब," आत गेल्यावर पडद्यातून चौकस म्हणाला. त्याचा आवाज तालुक्याच्या वाचनालयातल्या ग्रंथपालासारखा होता, मऊ आणि न घाई करणारा. "चार सेकंद का?"

"लाँचर वळायला वेळ लागतो," नेरकर म्हणाले. हे उत्तर त्यांनी येताना रिक्षातच तयार केलं होतं.

"लाँचर सहा दशांश सेकंदात वळतो, आणि तो या प्रतीक्षेच्या काळातच वळतो. शिवाय, साहेब, हेच चार सेकंद तुमच्या आणखी अकरा कामांत आहेत. डेअरीच्या बाटल्यांच्या यंत्रात आहेत. औषधाच्या मिक्सरमध्ये आहेत. साखर कारखान्याच्या उसाच्या गव्हाणीवर आहेत. सगळ्यांत जुनी नोंद २००४ ची आहे. तिथे लाँचर नव्हता."

ऋजुताने हसू दाबलं. नेरकरांनाही हसू आलं, पण ते ओठांपर्यंत पोचलं नाही.

"बरं," ते म्हणाले. "मग खरं कारण ऐक. एक माणूस धोका बघतो. तो ओरडतो. दुसरा ते ऐकतो. तो बटणावर हात मारतो. बघायला एक, ओरडायला एक, ऐकायला एक, मारायला एक. झाले चार."

"उत्तम," चौकस म्हणाला, आणि खरंच खूश झाल्यासारखा वाटला. "हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. मी याचं पालकत्व नोंदवतो." मग तो पुढे म्हणाला, "फक्त मापात अडचण आहे. मनुष्याच्या प्रतिसादाचे सात हजार प्रयोग माझ्याकडे आहेत. बघणं, ओरडणं, ऐकणं, मारणं, सावकाश माणूस धरला तरी सगळं मिळून दोन पूर्णांक सहा सेकंद होतात. ते ठेवले. उरलेलं एक पूर्णांक चार अनाथ आहे."

"ते मार्जिन आहे."

"मार्जिन हे कारण नव्हे, साहेब. कारण माहीत नसल्याची ती कबुली असते. आणि तुम्ही इतर ठिकाणी मार्जिन दहा टक्के ठेवता. इथे पन्नासच्या वर आहे. बाराही ठिकाणी."

ऋजुता खुर्ची ओढून त्यांच्या जवळ बसली.

"सर, मी उगाच मागे लागलेली नाही," ती हळू आवाजात म्हणाली. "नवे ड्रोन सेकंदाला तीनशे मीटर येतात. चार सेकंद म्हणजे सव्वा किलोमीटर. एक पूर्णांक चार परत मिळाले तर चारशे मीटर आधी पाडता येईल. बंदरावर दोन हजार माणसं काम करतात. ते सेकंद लागतच असतील तर मी हात लावणार नाही, दुसरी काही तजवीज करेन. पण लागतात का, हे तुम्हीच सांगू शकता."

"मला विचार करू दे."

"एकवीस दिवस आहेत," चौकस म्हणाला. "एक लक्षात असू द्यावं. लेखी पुरावा नसेल तर नुसत्या एका माणसाच्या आठवणीवर मी ओळ ठेवू शकत नाही. दुसरा साक्षीदार लागेल."

त्या दिवशी भजी तशीच राहिली.

*

कारण नेरकरांना पाठ होतं. अडतीस वर्षांत त्यांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं एवढंच. झाकली मूठ झाकलेली राहिली होती.

२००३ साली अंबडच्या एका कंपनीत दोनशे टनी हायड्रॉलिक प्रेसवर ते नवीन पॅनल चालू करत होते. प्रेसवर दौलत गांगुर्डे नावाचा कामगार होता, त्यांच्याहून पाच वर्षांनी मोठा, हाताचा जलद आणि तोंडाचा गोड. प्रेसला दोन बटणं होती. दोन्ही हातांनी दोन्ही दाबली तरच प्रेस खाली यायची, म्हणजे हात आपोआप बाहेर राहायचे. पण काम उरकायच्या घाईत प्रत्येक ऑपरेटर एका बटणात लाकडाची पाचर ठोकून एक हात मोकळा ठेवायचा. ते सगळ्यांना माहीत होतं, सुपरवायझरलाही. त्यात मोठा धोका नव्हता, कारण प्रेसच्या जाळीच्या दाराला स्विच होता. दार उघडं असेल तर काही झालं तरी प्रेस हलायची नाही.

त्या सकाळी तो स्विच सतावत होता. दार बंद असलं तरी उघडं दाखवायचा. उत्पादन अडलं, साहेब लोकांनी तगादा लावला, आणि चोवीस वर्षांच्या शिरीषने पॅनलमध्ये एक लाल वायर टाकून त्या स्विचला वळसा दिला; आता दार कसंही असलं तरी प्रेस चालणार होती. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत नवीन स्विच बसवायचा आणि वायर काढायची, असं त्याने ठरवलं. पॅनलवाल्यांचं हे नेहमीचं पाप. वायर टाकताना प्रत्येक जण ती काढणारच असतो.

सव्वाअकराला एक पत्रा साच्यात अडकला. दौलतने दार उघडून उजवा हात आत घातला. दार उघडं म्हणजे प्रेस मेलेली, असं त्याला वाटत होतं. वाकताना त्याचं डावं कोपर दुसऱ्या बटणावर टेकलं. पहिल्यात पाचर होतीच. प्रेस खाली येऊ लागली. हातमोजा साच्याच्या खुंटीत अडकला आणि हात बाहेर निघेना.

"हात!" दौलत ओरडला.

प्रेस पूर्ण खाली यायला साडेतीन सेकंद लागायचे. शिरीष सहा फुटांवर उघड्या पॅनलपाशी उभा होता. प्रेस थांबवायचं लाल बटण त्याच्या उजव्या बाजूच्या खांबावर, हाताच्या अंतरावर होतं. त्याने आधी पॅनलचं दार लावलं. खिट्टी फिरवली. मग बटण दाबलं.

दौलतची तीन बोटं गेली. अंगठा आणि करंगळी राहिली. चौकशीत पाचर सापडली, वायर सापडली नाही. ती शिरीषच्या खिशात होती. अहवालात कामगाराचा हलगर्जीपणा असं आलं.

पुढच्या वर्षी दुसऱ्या कंपनीत काम करताना शिरीषने एका सुट्टीच्या दिवशी रिकाम्या शेडमध्ये स्टॉपवॉच घेतलं आणि तीच हालचाल चाळीस वेळा करून बघितली. दार, खिट्टी, बटण. बघण्या-ऐकण्यासकट चार सेकंद भरत होते. तेव्हापासून माणसाच्या अंगाला लागू शकेल असं कोणतंही यंत्र त्याच्या हातून निघालं तर ते हलण्याआधी घंटा वाजवून चार सेकंद थांबायचंच.

दौलतच्या मनात मात्र भलतंच होतं. पॅनलच्या दारावर बाहेरून, सगळी वीज तोडणाऱ्या मेन स्विचची मूठ असते. नेरकरसाहेबांनी दार लावलं ते मेन पाडायला, मग ते जमेना म्हणून बटणाकडे धावले, नाहीतर पंजाच गेला असता, अशी त्याने मनाची समजूत घातली आणि ती गावभर सांगितली. शिरीषने त्याला दवाखान्यात नेलं, मॅनेजरशी भांडून स्टोअरमध्ये लावलं. दौलतला तो देवमाणूस वाटला. पुढे दौलतने नोकरी सोडून गिरणाऱ्याला द्राक्षाच्या कलमांची रोपवाटिका काढली. दर खंडेनवमीला घरातली अवजारं पुजायची आणि नारळ नेरकरसाहेबांच्या हातून फोडायचा, हा त्याने पाडलेला शिरस्ता. अडतीस वर्षं एकदाही चुकला नव्हता.

"आठवत नाही की सांगायचं नाही?" मेधाने एका संध्याकाळी विचारलं. पंधरा दिवस उलटले होते आणि चष्म्याच्या घरातलं पत्र तिने केव्हाच वाचलं होतं.

नेरकरांनी तिला सगळं सांगितलं. ती शेंगा सोलत होती, तिचा हात थांबला नाही, पण सोललेले दाणे ती टरफलांत टाकू लागली.

"मग सोडून द्या ना ते दीड सेकंद," शेवटी ती म्हणाली. "दौलतदादांना अडुसष्टाव्या वर्षी कशाला दुखवायचं?"

"मीही तेच म्हणत होतो. पण उद्या बंदरावर एखादं पोर त्या बटणापाशी उभं असेल. त्याच्या हातून काही चुकलेलं असेल, आणि घंटा वाजेल." ते तिच्याकडे वळले. "मेधा, ते आधी बटणाकडे बघणार नाही गं."

मेधाने सूप खाली ठेवलं. "खंडेनवमी परवा आहे," ती म्हणाली.

*

दौलतच्या ओसरीवर पाटावर अवजारं मांडली होती. छाटणीच्या कात्र्या, कलम बांधायचे चाकू, फवारणीचा पंप, पान्यांचा एक जुना संच. प्रत्येकाला हळद-कुंकू आणि झेंडूचं फूल. या वर्षी शेजारी रोपांवर फिरणारा छोटा यंत्रमानवही बसवला होता, त्याच्याही कपाळी, म्हणजे कॅमेऱ्याच्या वर, कुंकवाचं बोट होतं.

"या साहेब, तुमचीच वाट बघत व्हतो," दौलत म्हणाला. "सिंधे, नारळ आण गं."

"दौलतदादा, नारळाआधी मला बोलायचंय. वहिनी, तुम्हीही बसा."

त्यांनी सरळ सांगितलं. आधी वायर, मग दार, मग खिट्टी. कुठेही "पण" घातला नाही. येताना त्यांनी एवढंच ठरवलं होतं.

दौलतने पाटावरचा एक पाना उचलला आणि परत ठेवला.

"पाचर तर माझीच व्हती ना?"

"होती. पण पाचर सगळ्यांचीच असायची. दाराचा स्विच जिवंत असता तर पाचर असूनही प्रेस हलली नसती."

"आन् तुमी दार लावलं, ते मेन पाडायला."

"नाही. वायर दिसू नये म्हणून."

सिंधूवहिनींनी पदर तोंडाला लावला. अंगणात कुठेतरी पाण्याचा पंप चालू झाला.

"मला तीन पोरं," दौलत म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, आणि तेच नेरकरांना जड गेलं. "लहानपनापासून त्येंना हा हात दाखवून सांगत आलो, बापानं घाई केली, बापाला अक्कल नव्हती, तुमी असं करू नका. थोरला तर परवा त्याच्या पोराला सांगत व्हता, आज्याची चूक झाली व्हती म्हनून. माझ्यासमोर. आन् मी मान हालवली." त्याने नेरकरांकडे पाहिलं. "आज का सांगितलं? अडतीस वरसं काय झालं व्हतं?"

"भीती वाटत होती. आधी नोकरीची, मग तुमची. आता एक यंत्र ते चार सेकंद काढायला निघालंय." त्यांनी चौकसचं सगळं सांगितलं, दुसऱ्या साक्षीदाराचंही. "तिथे तुमच्याशिवाय कुणी नव्हतं. माझा हात कुठे गेला ते तुम्हीच पाहिलंत. पण या म्हणून मी सांगायला आलो नाही. तेवढा अधिकार मला नाही. दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी अकरा वाजता मी तिथे असेन."

दौलत उठला. सिंधूवहिनींच्या हातातला नारळ त्याने घेतला.

"नारळ आज मी फोडतो," तो म्हणाला.

अंगठा आणि करंगळीत नारळ धरता येत नव्हता. पहिल्यांदा तो निसटून अंगणात गेला. नेरकर उचलायला वाकले, तेव्हा दौलतने नुसती मान हलवली आणि ते जागच्या जागी राहिले. दौलतने स्वतः नारळ आणला, डाव्या हाताने उचलला, आणि दगडावर आपटला.

प्रसाद सिंधूवहिनींनी दिला. दौलत तोवर रोपांकडे निघून गेला होता.

*

दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी नेरकर केंद्रात पोचले, तेव्हा दौलत आधीच येऊन बसला होता. पांढरा सदरा, टोपी, आणि पुढ्यात कँटीनची भजी. ऋजुताने ती मागवली होती, आणि तो एकेक करून खात होता.

"तुमची पोरगी चांगली हाये," तो नेरकरांना म्हणाला. "वायरींना नंबर लावायला बशिवलं व्हतं म्हनं तुमी तिला."

नेरकरांनी साक्ष दिली. चौकसने मध्ये काही विचारलं नाही. मग तो म्हणाला, "गांगुर्डेसाहेब, तुम्ही ओरडलात तेव्हा यांचा हात कुठे गेला?"

"मला साहेब म्हनू नको. दाराकडं गेला. डावा हात. मंग खिट्टी फिरवली. मंग उजवा हात बटनावर."

"किती वेळ लागला?"

"बाबा, माझा हात प्रेसमधी व्हता. मी घड्याळ बघत नव्हतो."

ऋजुताने मान खाली घातली.

"क्षमा असावी," चौकस म्हणाला. "आठवणीतला वेळ ताणलेला असतो, तो मी धरणारच नव्हतो. पण हाताची हालचाल शरीराला लक्षात राहते. तुमची दोघांची तयारी असेल तर ती करून बघता येईल."

"करा," दौलत म्हणाला. तो नेरकरांकडे बघत होता. "करून दाखवा, साहेब. मला नीट बघू द्या एकदा."

कोपऱ्यात एक रिकामं पॅनल होतं. ऋजुताने त्याचं दार उघडलं, उजवीकडच्या खांबावर लाल कागद चिकटवला. सहा फुटांवर टेबल ठेवलं. दौलत टेबलापाशी वाकला आणि त्याने आपला उजवा हात पुढे केला. नेरकर पॅनलपाशी उभे राहिले. बासष्ट वर्षांच्या त्या माणसाला मनापासून वाटत होतं, की या खेपेला तरी आपला हात सरळ बटणाकडे जावा. पण ते खोटं झालं असतं.

"हात!" दौलत ओरडला.

आवाज तोच होता. नेरकरांनी दार लावलं. खिट्टी फिरवली. लाल कागदावर हात मारला आणि तसेच उभे राहिले.

चौकसने चार वेळा पुन्हा करायला सांगितलं, आणि चारही वेळा दौलत तसाच ओरडला. पाचव्यांदा नेरकरांना डोळे पुसावे लागले.

"बास," दौलत म्हणाला. "दमले ते."

"दार आणि खिट्टी मिळून एक पूर्णांक सहा," चौकस म्हणाला. "वयाचा फरक वजा जाता एक पूर्णांक चार."

पडद्यावर नोंद उमटली. ऋजुताने ती मोठ्याने वाचली. "धोक्याच्या क्षणी बटणावरच्या माणसाची स्वतःची चूक उघडी पडत असेल, तर त्याचा हात आधी ती झाकायला जातो. त्यासाठी एक पूर्णांक चार सेकंद. ही ओळ काढू नये. पालक, शिरीष नेरकर आणि दौलत गांगुर्डे." मग ती नेरकरांकडे वळली. "ते चारशे मीटर मी माणसांकडून घेत नाही, सर. रडार तरंगत्या तराफ्यांवर चढवून तेवढं समुद्रात पुढे नेते. चार महिने लागतील, पण होईल."

"बाकीच्या अकरा ठिकाणीही हेच कारण लावतो," चौकस म्हणाला. "आणि ज्यांनी कुणी कारण न सांगता दीड-दोन सेकंद जास्त ठेवले आहेत, अशा इतरांनाही पुन्हा एकदा पत्र पाठवतो. या वेळी जरा निराळ्या शब्दांत विचारीन."

बाहेर ऊन चांगलंच तापलं होतं. बिनचालकाची रिक्षा येऊन थांबली. दौलतने डाव्या हाताने तिचं दार उघडलं, पण तो बसला नाही.

"मी तुमाला माफ केलं असं समजू नका," तो म्हणाला. "मलाच अजून कळत नाय. बायको म्हनती, त्येंनीच दवाखान्यात नेलं. ते बी खरंच हाये. दोन्ही खरं हाये, त्याला मी काय करू?"

"काही करू नका, दादा."

"करनार हाये. दिवाळीला तिन्ही पोरं येत्यात, नातवंडं येत्यात. पाडव्याला तुमी यायचं. मी काय बी सांगनार नाय त्येंना. तुमी सांगायचं, माझ्यासमोर, सगळ्यांदेखत. यंत्राला सांगितलं तसं."

नेरकरांच्या डोळ्यांसमोर ती ओसरी आली. दौलतचा थोरला, जो भेटला की त्यांच्या पाया पडायचा. त्याची बायको, त्याची मुलं. त्यांनी तोंड उघडलं, आणि नकळत त्यांची नजर रस्त्याकडे, घराकडे जाणाऱ्या वाटेकडे वळली.

दौलत रिक्षाचं दार धरून उभा होता.

"चार सेकंद झालं, साहेब," तो म्हणाला.

"येतो," नेरकर म्हणाले.